शाल नको, वाचक द्या!

आंबेडकरी चळवळीत पुस्तक प्रकाशनाचा सोहळा कसा होतो हे आता कुणाला सांगायला नको. सायंकाळी पाचची वेळ पत्रिकेत असते, कार्यक्रम सातला सुरू होतो. प्रतिमांना पुष्पहार, त्रिसरण-पंचशील, मग मंचावरच्या दहा-बारा पाहुण्यांचे सत्कार. यातच तास जातो. प्रमुख पाहुणे माईक हाती घेतात आणि पुस्तक पूर्ण वाचायला वेळ मिळाला नाही, पण चाळले आहे, अशी सुरुवात करून पुढचा पाऊण तास रिपब्लिकन ऐक्यावर बोलतात. लेखकाला शेवटची पाच मिनिटे मिळतात. तोवर सभागृहाचा पहारेकरी दिवे मालवायला आलेला असतो. दाराशी टेबलावर पुस्तकांचे दोन गठ्ठे मांडलेले असतात. ओळखीचे लोक येतात, "जयभीम सर, अभिनंदन! आमची प्रत कुठाय?" म्हणतात. लेखक सही करतो, प्रत देतो. पैसे मागायची त्याला लाज वाटते आणि द्यायचे असतात हे समोरच्याच्या मनातही येत नाही. रात्री घरी परतताना त्याच्या हाती एक शाल, एक श्रीफळ आणि तीन पुष्पगुच्छ असतात. उरलेल्या चारशे प्रती खाटेखाली जातात.

हा लेखक कोण असतो? निवृत्त शिक्षक, बँकेतला कारकून, एस.टी.चा कंडक्टर, महापालिकेच्या दवाखान्यातली परिचारिका, एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयातला विनाअनुदानित मास्तर. प्रकाशकाकडे हस्तलिखित घेऊन गेला की प्रकाशक पुस्तकाबद्दल बोलतच नाही, पाचशे प्रतींच्या खर्चाचा आकडा सांगतो. तो भरायचा लेखकाने. मग प्रॉव्हिडंट फंडातून रक्कम काढली जाते, नाहीतर पतपेढीचे कर्ज. टंकलेखन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, कागद, छपाई, बांधणी, सगळ्यांचे पैसे रोख चुकते होतात. मुखपृष्ठावर रंग भरणाऱ्याला पैसे मिळतात, गठ्ठे वाहणाऱ्या हमालालाही मिळतात आणि ते मिळालेच पाहिजेत. एकट्या लिहिणाऱ्याला मिळत नाहीत. प्रस्थापितांच्या जगात लेखकाला मानधन किती आणि रॉयल्टी किती यावर चर्चा झडतात. आमच्याकडे लेखक हाच आपल्या पुस्तकाचा भांडवलदार, वितरक, हमाल आणि पुष्कळदा एकमेव गिऱ्हाईकही असतो!

असे असूनही माणसे का लिहितात? वेड लागले आहे म्हणून? तसे कुणाला वाटत असेल तर त्याने या वेडाचा इतिहास तपासून पाहावा. तो थेट बाबासाहेबांपर्यंत जातो.

बाबासाहेबांचे पुतळे आम्ही उभारले, त्यांच्या हातात पुस्तकही दिले. ते पुस्तक छापायला त्यांना काय यातायात करावी लागली, हे किती जणांना ठाऊक आहे? ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली म्हणून निघाले. त्याची साधी जाहिरात छापावी म्हणून 'केसरी'कडे विचारणा केली, रीतसर पैसे देऊ केले. 'केसरी'ने नकार दिला. फुकट मागितले म्हणून नाही, पैसे घेऊनसुद्धा छापणार नाही म्हणून. देशाला स्वराज्याचा हक्क शिकवणाऱ्या पत्राला एका अस्पृश्याच्या पाक्षिकाच्या चार ओळी जड झाल्या. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. संपादक म्हणून स्वतःचे नाव देता येत नव्हते, तरी सुरुवातीचे अग्रलेख लिहिणारा हात त्यांचाच होता. पुढे ते शिक्षण पुरे करायला लंडनला गेले आणि मागे ते पत्र फार काळ टिकले नाही.

३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' निघाले. महाडचे चवदार तळे नुकतेच पेटले होते. अंगावर वकिली होती, चळवळ होती, कौन्सिलचे काम होते आणि पत्राचे चोवीस चोवीस रकाने एकट्याने लिहून काढायचे होते. मदतीला पगारी सहसंपादक ठेवायला पैसे कुठले? वर्गणीदार अपुरे, ज्यांच्यासाठी पत्र काढले त्यांच्यातले बहुतेक निरक्षर, ज्यांना वाचता येत होते त्यांतल्या अनेकांची वर्गणी थकलेली. अखेर बाबासाहेबांना अग्रलेखातूनच आपल्या लोकांना विचारावे लागले, की या पत्राचे तुमच्यावर काही ऋण आहे की नाही. १९२८ सालची ही गोष्ट. थकलेली वर्गणी हा आमच्या चळवळीचा फार जुना आजार आहे.

मग १९३६. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले. भाषण लिहून झाले. ते वाचून मंडळाच्या पोटात गोळा उठला, हा मजकूर काढा, तो सौम्य करा अशी पत्रे सुरू झाली. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली. श्रोते हिरावून घेतलेल्या त्या भाषणाचे बाबासाहेबांनी काय केले? स्वतःच्या खर्चाने १५०० प्रती छापल्या. तेच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. दोन महिन्यांत सगळ्या प्रती संपल्या! आणि गंमत पाहा, गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिताना मतभेद तर नोंदवलेच, पण पुस्तकाची आठ आणे किंमत जास्त आहे, ती दोन आणे, निदान चार आणे करावी, अशी सूचनाही केली. बिर्ला-बजाजांचे पाठबळ असलेल्यांनी पदरमोड करून पुस्तक छापणाऱ्याला किंमत कमी करायला सांगावे यात नवल नाही. पण ही आठ आण्यांची घासाघीस आज आमचेच लोक आमच्याच लेखकाशी करतात, त्याला काय म्हणावे?

सर्वांत चटका लावणारी गोष्ट शेवटच्या ग्रंथाची आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहायला बाबासाहेबांनी आयुष्याची अखेरची पाच वर्षे घातली. मधुमेहाने शरीर पोखरले होते, पाय साथ देत नव्हते, दृष्टी मंदावली होती. रात्र-रात्र जागून लिहिलेली पाने नानकचंद रत्तू टंकलिखित करीत होते. ग्रंथ पुरा झाला आणि छपाईचा खर्च समोर आला. सुमारे वीस हजार रुपये. भारताचा माजी कायदामंत्री, घटनेचा शिल्पकार, पण एवढी रक्कम त्यांच्या आवाक्याबाहेर होती. १४ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. बुद्धाच्या अडीच हजाराव्या जयंतीचे वर्ष सरकार थाटात साजरे करीत होते, परदेशी विद्वान येणार होते. तेव्हा ग्रंथालयांसाठी आणि त्या विद्वानांसाठी सरकारने पाचशेएक प्रती विकत घ्याव्यात, असे त्यांनी सुचवले. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले. जयंतीच्या प्रकाशनांसाठी ठेवलेली रक्कम संपली आहे, पत्र समितीचे अध्यक्ष डॉ. राधाकृष्णन यांच्याकडे पाठवीत आहे, जयंतीच्या वेळी पुस्तक विक्रीला ठेवता येईल. झाले!

पाचशे प्रती! त्या पत्राला बरोबर एक महिना झाला त्या दिवशी, १४ ऑक्टोबरला, नागपुरात लाखो लोक त्याच बुद्धाला शरण गेले. आणि त्यानंतर दोन महिनेही पुरे झाले नव्हते, तेव्हा ५ डिसेंबरच्या रात्री बाबासाहेबांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेची टंकलिखित पाने उशाशी मागून घेतली. सकाळी त्यांचे महापरिनिर्वाण झालेले होते. ग्रंथ छापून आला १९५७ मध्ये. आपला सर्वांत लाडका ग्रंथ लेखकाने छापील रूपात पाहिला नाही. आज दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर एकही टेबल असे नसते जिथे तो नाही.

त्यांच्या मागे राहिलेल्या कागदपत्रांची कथा वेगळी नाही. न छापलेली हस्तलिखिते न्यायालयीन वादात अडकून वर्षानुवर्षे पेट्यांत पडून राहिली. महाराष्ट्र शासनाची प्रकाशन समिती १९७६ मध्ये स्थापन झाली, वसंत मून यांनी पान पान जुळवले आणि १९७९ मध्ये पहिला खंड आला. १९८७ मध्ये चौथा खंड आला, त्यात 'रिडल्स इन हिंदुइझम' होते, आणि महाराष्ट्र पेटला. मेलेल्या लेखकाचे प्रकरण वगळा म्हणून मोर्चे निघाले, सरकार डळमळले. तेव्हा आमची जनता मुंबईच्या रस्त्यावर उतरली. ते लिखाण वाचून आलेले त्यात किती असतील? फार नसतील. परंतु आपल्या बापाचे एक पान कापू देणार नाही एवढे त्यांना कळत होते. शासनाने या मजकुराशी आपण सहमत असल्याचे समजू नये अशी टीप जोडली आणि खंड राहिला. लेखकाच्या पाठीशी वाचक असा उभा राहिल्याचे दुसरे उदाहरण मराठी मुलखात दाखवावे!

ही ताकद मग नंतर गेली कुठे? डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला एका बातमीवरून स्वतःहून दखल घ्यावी लागली. बातमी अशी, की बाबासाहेबांच्या खंडांच्या नऊ लाख प्रती छापायचे ठरवून सरकारने ५ कोटी ४५ लाख रुपयांचा कागद घेतला, आणि चार वर्षांत छापून झाल्या केवळ ३३ हजार प्रती. उरलेला कागद गोदामात पडून. १९५६ मध्ये रक्कम संपली म्हणून पुस्तक घेतले नाही, नंतरच्या काळात रक्कम होती, कागद होता, गिऱ्हाईक रांगेत होते, तरी पुस्तक नाही. सरकारे बदलली, पक्ष बदलले, उत्तर तेच. बाबासाहेबांच्या लेखणीची ही गत, तर खाटेखाली चारशे प्रती ठेवून झोपणाऱ्या मास्तराची काय कथा!

पण नुसते रडगाणे गायचे आणि लिहिण्यातल्या आनंदाबद्दल बोलायचेच नाही, हाही लेखकावर अन्यायच होईल. फलटणच्या बेबीताई कांबळे घ्या. छोटेसे किराणा दुकान. पुड्या बांधायला आलेल्या रद्दीतले कागद त्या वाचायच्या. वाचता वाचता लिहू लागल्या. घरातल्या कुणाच्या, विशेषतः नवऱ्याच्या, नजरेला पडू नये म्हणून वह्या लपवून ठेवायच्या, आणि असे थोडेथोडके नाही, जवळपास वीस वर्षे. मॅक्सीन बर्नसन यांच्यासारख्या अभ्यासक बाईंनी आग्रह धरला म्हणून ते लिखाण उजेडात आले. १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' हे पुस्तक झाले. वीस वर्षे ना प्रकाशक, ना वाचक, ना टाळी. काय मिळत असेल त्या बाईला गल्ल्यामागे बसून लिहिताना? आम्हाला वाटते, जगाने आपल्याला ज्या नावाने हाक मारली त्यापेक्षा वेगळे काही आपल्याबद्दल सांगता येते, हे कळण्याचा आनंद. महारवाड्यातली आजी, सासुरवाशीण, पोतराज, आखाडातली जत्रा, हे सारे कागदावर यायच्या लायकीचे आहे हे तोवर शाळेच्या कुठल्या पुस्तकाने तिला सांगितले नव्हते. ते तिने स्वतःच ठरवले.

हाच आनंद वाचणाऱ्यालाही झाला. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आले, पाठोपाठ 'उपरा', 'आठवणींचे पक्षी', 'अक्करमाशी', 'उचल्या'. वसतिगृहाच्या खोलीत एक प्रत आली की ती दहा पोरांच्या हातून फिरायची, पाने सुटायची, मुखपृष्ठ हरवायचे. आपल्या आईची शिवी, आपल्या घरातली भाकरी, मेलेल्या ढोराच्या चान्या छापील अक्षरांत पाहून पोरे हादरायची आणि मग रात्रभर आपापल्या घरचे सांगत बसायची. त्या खोल्यांतून पुढचे लेखक निघाले. अर्थात सगळ्यांना हे रुचले नाही. नोकरीला लागून शहरात स्थिरावलेले आमचेच काही लोक म्हणू लागले, की ही घाण चव्हाट्यावर कशाला? शेजाऱ्यांना आमची जात कळली ना! बाबुराव बागुलांनी १९६३ मध्येच 'जेव्हा मी जात चोरली होती' लिहून या भयाचा पंचनामा केला होता. तरी ते भय गेले नाही. दलित लेखकाला दोन आघाड्यांवर लढावे लागते, एकीकडे नाक मुरडणारा समीक्षक, दुसरीकडे डोळे वटारणारा नातेवाईक. यातली दुसरी आघाडी अधिक जिव्हारी लागते, कारण तिथे बोलणे खुंटते.

दीड दिवस शाळा शिकलेल्या अण्णाभाऊ साठ्यांनी 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले. चिरागनगरच्या झोपडीत लिहिणारा हा माणूस त्याच साली रशियाला जाऊन आला. आणि १८ जुलै १९६९ रोजी दारिद्र्यातच गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला, मराठी नेते विमानाने अनावरणाला गेले. पुतळ्याला आमचा विरोध नाही. परंतु अण्णाभाऊंच्या हयातीत त्यांच्या पुस्तकांच्या विक्रीचा हिशेब कुणी चोख ठेवला असता, तर त्या झोपडीत काय बदलले असते याचा विचार पुतळ्यासमोर फोटो काढणाऱ्यांनी करायला हरकत नाही. वामनदादा कर्डकांची गाणी गावोगाव वाजली, आजही १४ एप्रिलला त्यांच्यावाचून पान हलत नाही. मात्र आंबेडकरी गीतांच्या कॅसेटवर गाणाऱ्याचा फोटो मोठा आणि लिहिणाऱ्याचे नाव मुंगीएवढे, ही रीत होती. आता मोबाइलवर तर मुंगीही दिसत नाही.

लेखणीची किंमत केवळ पैशात मोजावी लागते असेही नाही. आनंद तेलतुंबडे यांना १४ एप्रिल २०२० रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीदिवशी, तपासयंत्रणेपुढे हजर व्हावे लागले आणि जामीन मिळायला नोव्हेंबर २०२२ उजाडला. 'विद्रोही'चे संपादक सुधीर ढवळे २०११ मध्ये पकडले गेले, २०१४ मध्ये निर्दोष सुटले, २०१८ मध्ये पुन्हा आत गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये जामिनावर बाहेर आले. तेवढी वर्षे कुणी भरून देणार आहे का? यावर स्वतंत्र लिहावे लागेल. आजचा विषय मात्र आमच्या स्वतःच्या घराचा आहे, कारण सरकारला जाब विचारताना आपला खिसा झाकून ठेवायचा, ही सोय आम्हाला मान्य नाही.

आमच्या खिशात पैसा नाही असे कुणी म्हणू नये. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी नागपुरात पुस्तकांची जेवढी विक्री होते, ती पाहून भल्याभल्या प्रकाशकांचे डोळे विस्फारतात. रेल्वेने उभ्याने आलेली बाई पिशवीतल्या भाकरीशेजारी पुस्तक ठेवून परत जाते. हा आमचा अभिमान आहे. गोम अशी, की विकत घेतली जातात ती बाबासाहेबांची, फुल्यांची, बुद्धाची पुस्तके आणि त्यांवरच्या पातळ पुस्तिका. ते योग्यच आहे. पण आज लिहिणाऱ्या माणसाच्या कथेला, कवितेला, वस्तीच्या इतिहासाला त्या टेबलावर कोपरा मिळतो. गंगाधर पानतावण्यांनी १९६७ पासून जवळपास पन्नास वर्षे 'अस्मितादर्श' चालवले आणि नव्या लेखकाला पहिले पान दिले. २०१८ मध्ये ते गेले. आज एखाद्या चोवीस वर्षांच्या पोरीने परभणीहून कथा पाठवायची म्हटले तर ती कुठे पाठवेल? फेसबुकवर टाकेल, दोनशे अंगठे मिळतील, आठ दिवसांनी ती कथा तिलाही सापडणार नाही.

दुसरीकडे जयंतीचा खर्च पाहा. डीजेच्या भिंती, लेझर, फ्लेक्सवर साठ जणांचे चेहरे. एका रात्रीच्या डीजेच्या भाड्यात एका लेखकाची पाचशे प्रतींची आवृत्ती निघते, हा हिशेब कुठल्याही छापखान्यात विचारून घ्यावा. नाचू नका असे आम्ही म्हणत नाही, मुक्तीच्या दिवशी माणूस नाचणारच. पण जयंती मंडळाच्या जमाखर्चात मंडप, ध्वनिक्षेपक, विद्युत रोषणाई, अल्पोपहार असे रकाने असतात, तिथे 'पुस्तक खरेदी' हा एक रकाना का असू नये? प्रत्येक मंडळाने आपल्या तालुक्यातल्या एका लिहित्या माणसाच्या पंचवीस प्रती पूर्ण छापील किमतीत, रोख पैसे मोजून घ्याव्यात. त्या विहारात ठेवाव्यात, बक्षीस म्हणून पोरांना द्याव्यात. अशी वीस मंडळे पुढे आली की पाचशे प्रती होतात. सरकारच्या ग्रंथखरेदीच्या यादीची, त्या यादीमागच्या शिफारशींची आणि निम्म्या किमतीत माल मागणाऱ्या घाऊक विक्रेत्याची वाट पाहण्याचे लेखकाला कारण उरत नाही. विहारात कपाट आहे, कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली अध्यक्षांच्या घरी आहे, हे चित्र पुष्कळ ठिकाणी दिसते. ते कुलूप आधी काढावे लागेल. आठवड्यातून एक संध्याकाळ कुणीतरी मोठ्याने एक प्रकरण वाचावे, ज्यांना वाचता येत नाही त्या आयाबायांनी ऐकावे. 'मूकनायक' असाच वाचला गेला होता.

आणि प्रकाशन समारंभाला जाणाऱ्यांनी घरून निघताना खिशात पुस्तकाचे पैसे घेऊन निघावे. शाल आणायची असेल तर त्या शालीच्या किमतीत दोन प्रती येतात. पाहुण्यांनी पुस्तक वाचून यावे, नाहीतर येऊ नये.

आमच्यापुरते आम्ही ठरवले आहे. स्वतःच्या पैशाने पुस्तक काढणाऱ्या आंबेडकरी लेखक-लेखिकांनी पुस्तकाचे नाव, किंमत आणि मिळण्याचा पत्ता एवढा मजकूर आमच्याकडे पाठवावा. दर रविवारी या पानावर तो छापला जाईल. या जाहिरातीचे पैसे घेतले जाणार नाहीत. सोबत पुस्तकाची भेटप्रत पाठवू नये. ती आम्ही विकत घेऊ.